आठशे वॉटची मिजास

मे महिन्यातल्या अवकाळी पावसाने आमच्या गल्लीतल्या गुलमोहराची फांदी तारांवर पाडली आणि पावणेसातला लाइट गेली. 'वीज गेली' असं नाशकात कोणी म्हणत नाही. वीज पडते, जाते-येते ती लाइट.

मी उठलो, आणि खरं सांगायचं तर जरा खुशीतच उठलो. इन्व्हर्टरची बॅटरी दिवाळीपासून मान टाकून बसलीय. पण मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली आमचा छोटा जनरेटर आहे. लोडशेडिंगच्या दिवसांत, थोरलीच्या दहावीच्या वर्षी घेतलेला. पेट्रोलचा कॉक उघडायचा, चोक ओढायचा, एक पाय सांगाड्यावर रोवायचा आणि दोरीला हिसका द्यायचा. पहिल्या तीन हिसक्यांना तो नुसता खोकतो. चौथ्याला धरतो, आणि मग शेजारच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा गप्प होतात.

अंगावर त्याच्या '१ केव्हीए' असं लिहिलंय. "अख्खं घर चालेल, साहेब," असं दुकानदार म्हणाला होता. वायरमन म्हणाला, "आठशे वॉट धरा आणि गप बसा." चेंजओव्हर स्विचही त्यानेच बसवला. नाहीतर आपली वीज उलटी तारेवर जाते, डीपीत चढून हजारो व्होल्टची होते आणि खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव घेते. हे सांगताना त्याचा आवाज असा उतरला, की मी पैशांची घासाघीस सोडून दिली. मेनची लाइट आली की लागणारा एक छोटा दिवा बसवू का, असंही त्याने विचारलं होतं. तेवढ्याला मात्र मी नको म्हणालो. दिसेलच की!

तर आठशे वॉट. नऊ वॉटचे एलईडी दिवे धरले तर अठ्ठ्याऐंशी लागतात. आमच्या गल्लीत घरटी चार-चार वाटले तरी उरतील. पण गीझरला दोन हजार लागतात, इस्त्रीला हजार. म्हणजे गल्ली उजळणाऱ्या या यंत्राला एक बादली पाणी तापवता येत नाही की एका शर्टाच्या सुरकुत्या काढता येत नाहीत. एवढी वर्षं बिल भरूनही उजेड किती स्वस्त आणि ऊब किती महाग, हे मला दोरी ओढल्याशिवाय कळलं नव्हतं.

फ्रिजची तऱ्हा निराळी. चालताना दीडशे वॉटांत भागवतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या चार-पाचपट मागतो. गुडघे धरलेल्या माणसाला पंगतीतून उठवायला दोघं लागतात, एकदा उठला की चालतो आपला, तसं. त्या दिवशी फ्रिजमध्ये पातेलंभर आमरस होता, त्यामुळे पहिला मान त्याचा. मग तीन दिवे, आईच्या खोलीतला पंखा आणि मुलाचं वायफाय.

"अहो, चटणीपुरता मिक्सर लावू?" बायकोने विचारलं. मी बोटांवर बेरीज करत होतो, तोवर तिने बटण दाबलंसुद्धा. अंगणातला आवाज घोगरा झाला, दिवे पिवळट पडले, आणि सगळं थंड.

अंधारातून आईचा आवाज आला, "पाट्याला किती वॉट लागतात रे?"

मी दोरी ओढायला गेलो.

आणि हे सगळं कुठे, तर एकलहऱ्याच्या पंचक्रोशीत! तिथल्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत. त्यातल्या एकाची बरोबरी करायची तर माझ्यासारख्या दोन लाख बासष्ट हजार पाचशे जणांनी अंगणात एकाच वेळी दोरी ओढायला हवी. पैकी निम्म्यांचे तरी पहिल्या तीन हिसक्यांना खोकतील.

मला खरा हेवा वाटतो तो वरातीतल्या जनरेटरवाल्याचा. पुढे घोड्यावर नवरदेव, मध्ये नाचणारे, दोन्ही बाजूंनी डोक्यावर झुंबरं घेतलेल्या बाया, आणि सगळ्यांच्या मागे गाडा ढकलणारा तो. केबल जेवढी लांब तेवढीच वरात. तो थांबला की सोयरे थांबतात. त्याला मिक्सरचं कोणी विचारत नाही.

आमच्याकडे एव्हाना मोबाइल येऊ लागले होते. समोरच्या वहिनी दोन घेऊन आल्या, वरचे काका एक. मोबाइल म्हणजे किरकोळ गिऱ्हाईक, दहा-पंधरा वॉटचं. पण एक्स्टेन्शन बोर्डावर सात चार्जर ओळीने लागले, तेव्हा मला गावजेवण घातल्यासारखं वाटलं. तासाला अर्धा लिटर पेट्रोल, लिटरला शंभराच्या वर भाव, हा हिशेब मी मनातच ठेवला. धूर आत यायला नको म्हणून खिडक्या लावून, पडदे ओढून, त्या धडधडीवर ओरडून बोलत आम्ही जेवलो. पाट्यावरची चटणी फर्मास झाली होती. रस गार होता.

साडेनऊला वहिनी मोबाइल न्यायला आल्या. एकच भरला होता, दुसरा पन्नास टक्क्यांवर.

"राहू द्या की अजून अर्धा तास," मी ओरडून म्हणालो, "पेट्रोल आहे."

त्यांनी शांतपणे चार्जर काढला, वायर गुंडाळली.

"नको भाऊजी, घरीच लावते. लाइट येऊन पाऊण तास झाला."