दम लागण्याच्या जागा

चढावर थांबायला सबब लागते. तहान ही सर्वांत जुनी, पण बाटली सारखी तोंडाला लावली की बरोबरचे लोक पाण्याचा हिशेब विचारू लागतात. बुटाची नाडी सुटणं ही दुसरी. बूट दोनच असल्यामुळे ती लवकर संपते. ‘वाऽ, काय वारा आहे!’ असं म्हणत कमरेवर हात ठेवून उभं राहता येतं, पण तेवढं म्हणायलाही छातीत हवा लागते. फोटोची सबब मात्र कधीच आटत नाही. गळ्यात कॅमेरा अडकवलेला माणूस मध्येच थांबला तर त्याला कोणी दमला म्हणत नाही. उलट मागून येणारे चारजण अदबीने थांबतात, ‘काढा, काढा, सावकाश काढा’ म्हणतात आणि त्या सावकाशीत आपापला दम खाऊन घेतात. पुढे कड्याशी उभा राहून घड्याळ बघणारा लीडर मनातून चिडलेला असतो, पण कलेपुढे त्याचंही काही चालत नाही.

या सोयीमुळे मला एक शोध लागला. सह्याद्रीतली फुलं नेमकी मला दम लागतो त्याच जागी उगवतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांत याची नोंद नाही, पण पुरावा माझ्या कॉम्प्युटरमध्ये आहे. खिरेश्वरहून हरिश्चंद्रगडावर जाताना पहिल्या सपाट टप्प्यातला एकही फोटो माझ्याकडे नाही. तोलारखिंड ओलांडली, उभा कातळ सुरू झाला, रेलिंगला हात लागला की एकाएकी सृष्टी बहरते. तेरडा काय, सोनकी काय, आभाळी काय, पाऊल टाकायला जागा नाही! वर गेल्यावर टेकड्यांमागून टेकड्या लागतात. तिथे प्रत्येक चढाला फुलं आहेत आणि प्रत्येक उतार साफ कोरडा. कळसूबाईची तीच गत. बारी गावातून निघालं की 1646 मीटरवरच्या त्या देवळापर्यंत वाटेत लोखंडी शिड्या लागतात, आणि माझ्या फोटोंवर विश्वास ठेवायचा तर महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखरावर सोनकी फक्त शिड्यांच्या पायथ्याशी फुलते.

अडचण पुढे येते. फुलाचा जवळून फोटो काढताना श्वास रोखून धरावा आणि मग शटर दाबावं, असं या विषयावरची पुस्तकं सांगतात. ती खुर्चीत बसून लिहिलेली असणार. ज्या श्वासापायी थांबलो तोच रोखायचा कसा? फूल वाऱ्याने हलत असतं, मी धापेने हलत असतो. कधीतरी दोघांचा ठेका जुळतो आणि तेवढाच एक फोटो स्पष्ट येतो. बाकीच्यांत एक पिवळा किंवा जांभळा ढग असतो, ज्याला घरचे लोक ‘छान आलाय’ म्हणतात.

शिवाय पावसाळ्यातली ही मंडळी उभ्याने भेटत नाहीत. गेंदाची पांढरी बोंडं घोट्याच्या आसपास, कवला त्याच्या खाली. पिवळ्या पाकळ्यांवर दोन तांबडे ठिपके असल्यामुळे हल्ली पोरं कवल्याला मिकी माऊस म्हणतात, आणि एकदा ते ऐकलं की दुसरं काही दिसत नाही हेही खरं. सीतेची आसवं तर त्याहून चिमुकली. त्यांच्यासाठी चिखलात सपशेल पालथं पडावं लागतं. पण पडावं. निळ्याजांभळ्या रंगाचा तो थेंब भिंगातून बघताना वाटतं, याच्याइतकं सोज्वळ जगात काही नसेल. प्रत्यक्षात ही वनस्पती मांसाहारी आहे. कातळावर माती बोटभर, तिच्यात नायट्रोजन नावापुरता, म्हणून तिने आपली सोय करून घेतली. ओल्या मातीत तिचे टाचणीच्या टोकाएवढे फुगे असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव दाराच्या केसाला लागला की दार उघडतं आणि पापणी लवण्याच्या कितीतरी आत तो पाण्यासकट आत ओढला जातो. ऐन श्रावणात, आपण वरणभातावर असताना, अख्खं पठार बिनदिक्कत मांसाहार करत असतं.

असा एकदा पालथा पडलो असताना मागून आवाज आला, “काय रं बाबा, पडला का काय?” डोक्यावर गवताचा भारा घेतलेल्या एक आजी उभ्या होत्या. मी म्हटलं, “नाही आजी, फोटो काढतोय.” त्यांनी भाऱ्यासकट वाकून माझ्या कॅमेऱ्याच्या रोखाने पाहिलं. माझ्या कमरेला जे जमत नव्हतं ते त्यांच्या कमरेने भारा घेऊन केलं. मग म्हणाल्या, “हे व्हय! आमच्या म्हशी खात्यात की हे.” आणि चढाला लागल्या. न थांबता.

म्हशी खातात हे आजींनी सहज सांगितलं, पण कासच्या पठारावर यावरूनच जाणत्या लोकांत वाद झाला. पश्चिम घाटातली जी 39 ठिकाणं 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली त्यांत कास आहे. फुलांच्या दिवसांत तिथे अशी रीघ लागते की माणसांवर मर्यादा घालावी लागली, प्रवेशाला नोंदणी आली, तुडवातुडव थांबावी म्हणून कुंपण आलं. कुंपणामुळे माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. तेव्हा काही अभ्यासक म्हणू लागले की गुरं चरत होती म्हणून तर उंच गवत आटोक्यात होतं, बुटक्या फुलांना ऊन मिळत होतं, शेणाचं खत पडत होतं. मला हे मनापासून पटतं. फुलं वाचवायला म्हशी लागतात, हे शहरातून गेलेल्या माणसाला सुचणं शक्य नाही. आम्ही तिकीटच लावणार.

कासला मला फोटो मात्र जमत नाहीत. सपाट पठार, दम लागत नाही, आणि नजर जाईल तिथवर फुलंच असली तर थांबायचं कुठे? तिथली गर्दीही फुलांकडे पाठ करून उभी असते, कारण फोटोत फुलं मागे यावी लागतात. गुलाबी तेरड्याच्या गालिच्यावर पिवळी ओढणी खुलते हे आता सगळ्यांना ठाऊक झालंय, त्यामुळे सप्टेंबरातल्या रविवारी सोनकीपेक्षा ओढण्याच जास्त.

फुलं शोधणाऱ्यांची एक वेगळी जमात आहे. श्रीकांत इंगळहळीकर हे पेशाने इंजिनिअर. त्यांनी ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक काढलं आणि आमच्यासारख्या कित्येकांच्या सॅकमध्ये डब्याच्या शेजारी त्याला जागा मिळाली. तोवर आम्हाला फुलं तीनच होती: पिवळं, पांढरं आणि ‘ते बघ कसलं आहे’. या जमातीतली पोचलेली माणसं कंदीलपुष्पाच्या मागे असतात. गवतात वेल, वेलीवर हिरवटजांभळा कंदील, आत केसाळ नळी. वासाला भुलून माशी आत उतरते, केस आतल्या बाजूला वळलेले असल्याने तिला परत वर येता येत नाही. परागाचं काम उरकलं की केस सुकतात आणि तिची सुटका होते. या फुलाच्या काही जाती सह्याद्रीच्या बाहेर कुठेच नाहीत, काही तर मोजक्याच डोंगरांवर उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या डॉ. एस. आर. यादव यांनी त्या वाचवण्यासाठी मोठं काम केलं आहे.

कंदीलपुष्पाचा फोटो काढलेला माणूस सहज ओळखू येतो. तो फोटो दाखवतो, पण जागा सांगत नाही. “कुठे मिळालं?” “तिकडेच, घाटमाथ्यावर.” घाटमाथा काही शे किलोमीटर लांब आहे! पूर्वी मला हा कोतेपणा वाटे. आता वाटत नाही. वेलीखाली कंद असतो, तो उकरून नेता येतो, आणि हल्लीचा फोन फोटोबरोबर जागेचा नेमका पत्ताही टिपून ठेवतो. तो पत्ता आधी पुसून मगच फोटो पुढे पाठवायचा, हा या जमातीचा अलिखित नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला पुढच्या वर्षी कोणी बरोबर घेत नाही.

कारवीचं उलटं. तिला लपायची गरजच नाही. सात-आठ वर्षांत एकदा फुलायचं, अख्खा डोंगर निळाजांभळा करून टाकायचा, मधमाश्यांची चंगळ करायची, बी धरायचं आणि मरून जायचं. मधल्या वर्षांत तिच्याकडे कोणी बघत नाही. ट्रेकवाले तिच्या काठ्या करतात, गावकरी कुडाच्या भिंती. आमच्या गटात कारवीचं साल आलं की सुट्ट्यांची भांडणं होतात आणि कोणीतरी नको ते गणित मांडतंच: पुढच्या कारवीला आपण किती वर्षांचे असू? त्याच्या पुढच्या? मग कोणीतरी चहाचं बघायला उठतो.

धबधब्यांबद्दल माझं मत जरा तिखट आहे. शटर अर्धा-एक सेकंद उघडं ठेवलं की पाण्याचं दूध होतं, आणि दूध झालं की फोटोला वाहवा मिळते. त्यासाठी तिवई वाहून न्यायची, भिंगावर काळी काच चढवायची, दर फोटोला तुषार पुसायचे. उलट शटर हजारांश सेकंदाचं ठेवलं तर प्रत्येक थेंब हवेत सुटा लटकतो. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. डोळ्यांना दिसतं ते कोसळणं, आणि ते निम्मं कानांनी दिसतं. एकदा एक दूधवाला फोटो मी चुलत्यांना दाखवला. जन्म ओढ्याकाठी गेलेले गृहस्थ! बराच वेळ निरखून म्हणाले, “पाणी कमी आहे यंदा.”

भिंगाला डोळा लावून ओढ्यात उभं राहण्याची मला भीतीही वाटते. वरच्या अंगाला पाऊस झाला की खाली ऊन असतानाही पाणी चढतं. पाणी गढूळ झालं, काडीकचरा, पाला वाहून येऊ लागला, आवाज बदलला की त्याच क्षणी बाहेर पडायचं असतं, आणि कॅमेऱ्याच्या चौकटीत नेमक्या याच गोष्टी येत नाहीत. हल्ली पावसाळ्यात काही धबधब्यांवर बंदीचे हुकूम निघतात. आम्ही कुरकुरतो, पण हुकूम काढणाऱ्यांनी मागच्या वर्षांतले पंचनामे वाचलेले असतात.

एक धबधबा मला मनापासून आवडतो, कारण तो कोणाचंच ऐकत नाही. नाणेघाटात ऐन पावसाळ्यात कोकणातून येणारा वारा कड्यावर आपटून असा उसळतो की पाणी खाली पडायच्या ऐवजी उलटं वर फेकलं जातं. घाटाच्या तोंडाशी जकातीचा दगडी रांजण आहे, गुहेत सातवाहनांचा शिलालेख आहे. दोन हजार वर्षांचा व्यापार तिथून चढला-उतरला. त्या सगळ्या व्यापाऱ्यांच्या तोंडावर हे पाणी उडालं असणार. उलट्या धबधब्याचा फोटो काढायला कड्याकडे तोंड करून उभं राहिलं की भिंग एका क्षणात भिजतं. माझ्याकडे तिथले जे फोटो आहेत त्यांत मुख्यतः माझाच अंगठा आणि रुमाल आहे.

राहता राहिला डोंगरांचा देखावा. पावसाळ्यात त्याला भेटायचं म्हणजे धुक्याची मर्जी. महाबळेश्वरला जुलैत प्रत्येक पॉइंटवर तोच पांढरा पडदा असतो, आणि माहीतगार वाटाड्या त्या पडद्याकडे हात करून सांगतो, “ह्या बाजूला प्रतापगड.” सगळे माना डोलावतात. मी फोटोही काढतो. घरी आल्यावर प्रतापगड कुठला आणि एलफिन्स्टन पॉइंट कुठला हे मलाच ओळखू येत नाही, पण पुसून टाकवतही नाही. स्वच्छ देखावा हवा तर पाऊस सरल्यावर जावं. थंडीतल्या सकाळी कळसूबाईवरून अलंग-मदन-कुलंग, रतनगड, भंडारदऱ्याचं पाणी असं सगळं एका नजरेत येतं, फोटो अगदी कॅलेंडरवरच्यासारखा येतो आणि म्हणूनच तो कोणी दोनदा बघत नाही.

पण धुकं कधीकधी उपकार करतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीशी असावा आणि समोर दरीत धुकं भरलेलं असावं, मग त्या धुक्यावर आपली सावली पडते आणि सावलीच्या डोक्याभोवती सप्तरंगांचं गोल कडं उमटतं. हेच इंद्रवज्र. इंग्रजी अमदानीतल्या कर्नल साइक्स यांनीही या डोंगरांत ते पाहून लिहून ठेवलंय. आम्हाला ते दिसलं तेव्हा आम्ही पाचजण ओळीने काठावर पालथे पडलो होतो, कारण तिथे वारा उभं राहू देत नाही.

“माझ्या डोक्याभोवती बघा!” एकजण ओरडला.

“तुझ्या कुठे? माझ्या,” शेजारचा म्हणाला.

“अरे डोळे आहेत का? स्पष्ट माझ्याभोवती आहे!”

भांडण मिटेना. प्रकाश थेंबांवरून ज्या वाटेने परततो तीच अशी की प्रत्येकाला कडं फक्त आपल्याच डोक्याच्या सावलीभोवती दिसतं, दुसऱ्याचं कधीच दिसत नाही. पण हे त्या क्षणी कोणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी कोणी मानलं नसतं. शेवटी पुरावा म्हणून पाचहीजणांनी धडाधड फोटो काढले. परतीच्या एस.टी.त ते एकमेकांना दाखवले. पाच फोटो, पाच साधू, आणि प्रत्येक फोटोत उरलेले चार साधे भुरे ठिपके. लीडरने पाचही फोन आलटून पालटून बघितले आणि गटाचा फोटो म्हणून स्वतःचाच निवडला.