गॅसमहर्षी मेस्त्रींना अनावृत पत्र

परमपूज्य मेस्त्री यांस,

सा. न. वि. वि.

पावसाळा लागला, गाडीत कुबट वास सुटला आणि मी आपल्या चरणी आलो. बॉनेटही न उघडता आपण निदान केलंत: ‘गॅस कमी झालाय.’ नाडी न धरता रोग सांगणारे वैद्य हल्ली उरलेत कुठे?

एसीचा गॅस बंद नळ्यांतच फिरतो, गळती नसेल तर तो जातो कुठे, असली पुस्तकी शंका मी काढली नाही. आपण गॅस भरलात, वर लिंबाचा परफ्युम फुकट टांगलात. तेव्हापासून गाडीत बुरसटलेल्या लिंबाचा वास येतो. ऋणी आहे.

डाव्या सीटपुढची मॅट ओली होते म्हटल्यावर ‘दार नीट लावत जा’ हा उपदेशही आपलाच. दार नीट लावलं, पाणी येतच राहिलं. पाहुण्यांना पाय धुवायला पाणी देण्याची जुनी रीत आमच्या गाडीने आपल्यामुळे सांभाळली. आई मात्र हल्ली चपला मांडीवर घेऊन बसते.

‘हवा आतच फिरवा, कूलिंग वाढेल’ हाही आपलाच मंत्र. त्या कृपेने माणसांचे श्वास आणि मॅटखालच्या भिजक्या फोमची वाफ आतल्या आत जपली गेली. आंबा घाटात बाहेर धुकं होतंच, काचेच्या आतल्या बाजूलाही दाटलं. बाहेरचं फुकट होतं, आतल्याचं बिल आपलं होतं. मी एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने काच पुसत होतो, आई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होती. एवढी भक्ती तिच्याकडून आजवर कुणी करून घेतली नव्हती.

एक क्षुल्लक बाब कानावर घालतो, राग नसावा. कूलिंग कॉइल गार पडली की हवेतल्या दमटपणाचं तिच्यावर पाणी होतं आणि बोटभर जाडीच्या रबरी नळीतून ते गाडीखाली ठिबकतं. एसी चालू ठेवून गाडी उभी केली की खाली थारोळं दिसायला हवं. दमट हवेतही आमच्या गाडीखाली जमीन कोरडी ठणठणीत. नळीत धूळ-पाचोळ्याचा बोळा बसला होता. पाण्याला वाट नाही, म्हणून ते आत येत होतं. इतक्या खाली वाकणं आपल्या अधिकाराला शोभलं नसतं, हे मी समजू शकतो.

लोभ आहेच, तो आता वाढवू नये ही विनंती.

आपला कृपाभिलाषी,
एक भिजलेलं गिऱ्हाईक

ता. क. बोळा काढणाऱ्या पोराने चहापुरतेच पैसे घेतले. धंद्याची अक्कल नाही त्याला. आपल्याकडे शिकायला पाठवू का?