झोपायची क्षमता : सहा

कॅरॅव्हॅनच्या माहितीपत्रकात 'सहा जण झोपू शकतात' असं लिहिलेलं असतं. कोणते सहा, ते लिहिलेलं नसतं. नवरा, बायको, दोन पोट्टे, घोरणारे काका आणि त्या घोरण्यावर उभा जन्म उपाय शोधत आलेल्या काकू, हे मोजायला सहाच भरतात. पण अठरा फुटांच्या डब्यात रात्रभर ठेवल्यावर सकाळी ते एकमेकांशी बोलत बाहेर पडतील, याची हमी कुठलाही कारखाना देत नाही. शिवाय घरात सातवी आई असते. तिच्याबद्दल पुढे.

कारंजा (घाडगे) इथल्या प्रस्तुत लेखकाला कॅरॅव्हॅनचं वेड लागलं ते निव्वळ मोठेपणापायी. नागपूर-अमरावती महामार्गावर राहणाऱ्या माणसाच्या दारावरून ट्रक जातात, ट्रॅव्हल्स जातात, मंत्री जातात. थांबतो तो फक्त पंक्चर झालेला. त्यातून 'मी कारंज्याचा' म्हटलं की समोरचा हमखास विचारतो, ''लाड का?'' वाशीम जिल्ह्यातलं ते कारंजा म्हणजे नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. त्याच्यापुढे वर्ध्याच्या कारंज्याने संत्र्याची पेटी पुढे करायची आणि गप्प बसायचं. लेखकाची पार्सलंसुद्धा आधी लाडांचं दर्शन घेऊन मग घाडग्यांकडे येतात. दारात पांढरंशुभ्र, चाकांचं घर उभं असलं तर पत्ता सांगताना नुसतं 'ते कॅरॅव्हॅनवाले' म्हणता येईल, एवढीच त्याची माफक अपेक्षा होती. घरी मात्र त्याने चिखलदरा, पचमढी आणि शेगाव अशी नावं घेतली.

काळही अनुकूल होता. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाड्यांसाठी पाणी, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेले तळ उभे राहावेत, असा त्यातला विचार. लेखकाने धोरण वाचलं, घरात मोठ्याने वाचलं, आणि ते जणू त्याच्याच अर्जावरून निघालं अशा चेहऱ्याने महिनाभर गावात हिंडला.

कॅरॅव्हॅन दोन प्रकारची. एकीला स्वतःचं इंजिन असतं. दुसरी, म्हणजे ट्रेलर, मोटारीमागे ओढत न्यायची. लेखकाचा जीव ट्रेलरवर जडला, कारण तो दारात सोडून मोटार घेऊन बाजारात गेलं तरी वैभव जागच्या जागी दिसत राहतं. पण ट्रेलर चालू असताना त्यात माणसं बसवायची नसतात. ब्रिटनमध्ये तर कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे रात्री झोपायला जागा सहा आणि दिवसा मोटारीत बसायला पाच. सहाव्याने एसटीने मागून यायचं, तळावर फक्त झोपायला हजर राहायचं आणि पहाटेच्या गाडीने पुढच्या मुक्कामाला निघायचं. हे काम कोणाला द्यावं याचा घरात अंदाज घेतला तेव्हा सगळ्यांनी एकाच वेळी लेखकाकडे पाहिलं.

मग मापं सुरू झाली. अमेरिकन ट्रेलरमधला 'क्वीन' पलंग पुष्कळदा साठ इंच रुंद आणि पंचाहत्तर इंच लांब असतो. तिथल्या घरातली क्वीन गादी ऐंशी इंचांची. म्हणजे राणी प्रवासाला निघाली की पाच इंचांनी खुजी होते. वरचे बर्थ अठ्ठावीस इंचांच्या आसपास, आणि काही गाड्यांत त्यांच्यावर १५० पौंडांची, म्हणजे ६८ किलोंची, मर्यादा लिहिलेली. काकांनी ती मर्यादा आणीबाणीच्या आसपास ओलांडलेली आहे. राहिलेल्या दोन जागा कुठून येतात? जेवायचं टेबल खाली पाडायचं, दोन्ही बाकांच्या गाद्या त्यावर सरकवायच्या आणि झालेल्या वस्तूला पलंग म्हणायचं. हा विक्रेत्याचा चावटपणाही नव्हे. युरोपातल्या नियमांत मोटार-कॅरॅव्हॅनची जी व्याख्या आहे तिच्यात बसायला जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची सोय असं चौघांचं पॅनल आहे, आणि झोपायची सोय बसायच्या जागेतून काढलेली चालेल, असं त्यात सरळ म्हटलेलं आहे.

''सहा जन झोपते म्हनते,'' काका म्हणाले, ''पन सकाळी लाइनीत किती जन उभे रायतीन, ते लिवलं काय?'' ते लिहिलेलं नव्हतं.

बर्थ या विषयात आपल्याला कोणी शिकवावं असं नाही. रेल्वेच्या जुन्या स्लीपर डब्यात ७२ जण झोपायचे, नव्या एलएचबी डब्यात ८० झोपतात. २००६मध्ये गरीब रथ निघाला तेव्हा बाजूच्या दोन बर्थांच्या मध्ये तिसरा बर्थ घुसवला गेला. पुढे तो साध्या स्लीपरमध्येही घालून पाहिला आणि लोक इतके ओरडले की काढावा लागला. त्या मधल्या बर्थवर प्रवास केलेला माणूस 'सहा जण झोपू शकतात' हे वाक्य वाचून हुरळत नाही. लेखकाने तो केलेला आहे. तरी तो हुरळला, कारण माहितीपत्रकातला फोटो सूर्यास्ताचा होता.

आता या हौसेचे मूळपुरुष, डॉक्टर स्टेबल्स. घरी हा विषय काढला की माणसं उठून जातात. वाचकांना ती मुभा आहेच.

विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा स्कॉटिश गृहस्थ ब्रिटिश नौदलात डॉक्टर होता, आणि पुढे मुलांसाठी धाडसाच्या कादंबऱ्या लिहू लागला. चाकांच्या घरात राहणारे लोक त्याच्या आधी युरोपात पुष्कळ होते. पण ते पोटासाठी फिरत, म्हणून त्यांना कोणी पर्यटक म्हटलं नाही. स्टेबल्सने १८८५मध्ये ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्याकडून निव्वळ हौसेसाठी एक गाडी बांधून घेतली. सुमारे अठरा फूट लांब, महोगनीची, आत पुस्तकांचं कपाट, ओढायला दोन घोडे. नाव 'वाँडरर'. तिला तो गाडी म्हणत नसे, जमिनीवरची नौका म्हणे. लेखकाचा ऊर इथे भरून येतो. जवळपास दीडशे वर्षांपूर्वीचा हा मनुष्य त्याला सख्खा वाटतो, कारण साधी घोडागाडी असताना तिला नौका म्हणायची गरज कोणत्या जातीच्या माणसाला पडते, हे तो आतून जाणतो.

नौका त्या वर्षी इंग्लंडमधल्या ट्वायफर्डहून निघाली ती थेट स्कॉटलंडमधल्या इनव्हर्नेसपर्यंत गेली. बरोबर एक न्यूफाउंडलंड जातीचा दांडगा कुत्रा, एक काकाकुवा, एक खासगी नोकर आणि एक गाडीवान. नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जायचा, अरुंद रस्त्यावर समोरून येणाऱ्यांना सांगायला, की मागून डॉक्टरसाहेब येत आहेत. लेखक या तपशिलापाशी दर वेळी थोडा थांबतो. महामार्गावर कोंढाळीपासून तळेगावपर्यंत आपल्यापुढे कोणी तरी तीनचाकीवर ओरडत चाललं आहे, हे चित्र त्याने मनात अनेकदा रंगवलं आहे. माणूसही ठरवला होता. भाच्याने नकार दिला.

स्टेबल्सने या प्रवासावर पुस्तक लिहिलं, १९०७मध्ये ब्रिटनमध्ये कॅरॅव्हॅन क्लब निघाला तेव्हा त्याला उपाध्यक्षाचा मान मिळाला, आणि ती गाडी आजही जपून ठेवलेली आहे. पण हौसेच्या या आद्य गाडीत झोपत किती होते? आतल्या खोलीत डॉक्टर. मागच्या, स्वयंपाकाच्या भागात नोकर. आणि दिवसभर घोडे हाकणारा गाडीवान घोड्यांच्या सोयीने गावातल्या खाणावळीत. कुत्र्याला जागा होती, काकाकुव्याला होती, गाडीवानाला नव्हती. क्षमतेचा आकडा पहिल्या गाडीपासूनच असा आहे. तो काढणारा आधी स्वतःला मोजतो.

खरं तर चाकाशिवायचं फिरतं घर कारंज्याकडच्या माणसाला नवं नाही. कपाशीची उलंगवाडी झाली की कच्छकडचे रबारी मेंढ्यांचे कळप घेऊन विदर्भातल्या रस्त्यांनी जाताना दिसतात. उंटावर खाट उलटी बांधलेली, पाय आभाळाकडे. त्या चार पायांच्या मध्ये पोरं, कोकरं, गोधड्या, भांडी. मोठी माणसं पायी. रात्री मोकळ्या शेतात तळ पडतो. मेंढ्यांच्या लेंड्यांचं खत मिळावं म्हणून शेतकरीच कळप बसवून घेतात. जानेवारी २०२२मध्ये शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरच्या पोलिसांनी कच्छच्या मालधाऱ्यांचे, म्हणजे पशुपालकांचे, ५८ उंट ताब्यात घेतले. कत्तलीसाठी नेत असल्याची तक्रार होती. न्यायालयाकडून उंट परत मिळेपर्यंत माणसं तिथेच अडकली. लेखक त्याच रस्त्यांवर पांढऱ्या डब्यातून हिंडला असता तर त्याला कोणी 'कुठून आणलं?' असं पोलिसी सुरात विचारलं नसतं. पोरांनी सेल्फी काढले असते. घरासकट फिरण्याचं कौतुक व्हायला घरात आधी एसी असावा लागतो.

एसीवरून आठवलं, आपल्याकडे मे महिना पंचेचाळीस अंशांचा. अशा गाड्यांच्या टपावर साधारण साडेतेरा हजार बीटीयूचा, म्हणजे टनाहून जरा मोठा, एसी असतो. तो चालवायला बाहेरून वीज हवी, नाही तर जनरेटर. काकूंनी सरळ विचारलं, ''कूलर कुठी बसवाचा?'' कूलरला खिडकी लागते, स्टँड लागतो, बादलीने पाणी लागतं. ट्रेलरच्या पाण्याची टाकी शंभर-दीडशे लिटरची. कूलरने पाणी प्यायल्यावर सात जणांच्या आंघोळीला जे उरलं असतं ते तीर्थ म्हणून हातावर द्यावं लागलं असतं.

शेवटी लेखकाने अंगणात चुन्याने गाडीचा नकाशा आखला, खऱ्या मापाचा. कबड्डीच्या मैदानासारख्या त्या रेघांत घरच्यांना झोपून दाखवायला सांगितलं. पोट्टे बर्थवर गेले. काका क्वीनवर आडवे झाले आणि क्वीन संपली. काकू त्यांच्यापासून जास्तीत जास्त लांब, म्हणजे संडासाच्या चौकोनात, जाऊन बसल्या. बायकोने टेबलाच्या जागी अंग टाकलं आणि पाय रस्त्यावर गेले. आई रेघेबाहेर उभी.

''तू ये न वं आत.''

''तुम्ही पडा. मी चहा ठेवतो.''

''अगं, तुझी जागा पाहून रायलो न!''

''माझं काय पायतं? मी कुठीही पडून राहीन.''

या घरात लग्न असो, मयत असो, नाही तर नागपूरच्या दवाखान्यातली रात्र असो, झोपायचा हिशेब जमतो तो याच वाक्यावर. दोन खोल्यांत वीस पाहुणे मावायचे ते घर मोठं होतं म्हणून नव्हे. एक बाई माजघरात ओट्याला डोकं लावून पडायची आणि सगळ्यांच्या आधी उठायची म्हणून. लेखकाला या वाक्याचा राग आहे. राग आईवर काढणं सगळ्यात सोयीचं, म्हणून तो तिच्यावरच निघाला. ''तुले माणसासारखं पलंगावर झोपता येत नाही काय?'' तो एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्यांनी कुंपणावरून पाहिलं.

''मले पहाटे उठा लागते,'' आई म्हणाली. ''तुमच्या अंगावरून कशाले जाऊ?''

माहितीपत्रकाचा कारभार तेव्हा लेखकाच्या ध्यानात आला. सकाळच्या चहाला टेबल पुन्हा उभं व्हायला हवं. म्हणजे टेबलाच्या पलंगावर झोपायचं त्यानेच, जो सगळ्यात आधी उठतो. अमेरिकेतल्या कुठल्या तरी नकाशाकाराने आईला न पाहताच तिची जागा काढून ठेवली होती.

त्यानंतर ट्रेलर विकत घ्यायचा बेत बारगळला आणि दिवाळीनंतर चिखलदऱ्यासाठी इंजिनवाली कॅरॅव्हॅन भाड्याने घ्यायचं ठरलं; मागून काकांची जीप. फोनवर लेखक आता एकच प्रश्न विचारतो : टेबल न मोडता किती जण झोपतात? पलीकडे बराच वेळ शांतता असते, मग सहाचे चार होतात, क्वचित पाच. पाचवाली गाडी पसंत पडली. मोठ्या पलंगावर आई आणि नात. आईने तीन दिवस आढेवेढे घेतले, नातीने एका मिनिटात तिला गप्प केलं. खालच्या बर्थवर काकू, वरच्यावर नातू, सोफ्यावर लेखकाची बायको. उरलेल्या दोघांना बाहेर तंबू. लेखकाने गावात आधीच सांगून ठेवलं आहे की आमच्या कॅरॅव्हॅनला जोडून स्वतंत्र सूट आहे, आणि तो मी मुद्दाम मागून घेतला.

काकांनी मात्र अजून होकार दिलेला नाही. त्यांचं म्हणणं, लेखक घोरतो.