सुपारीएवढी पृथ्वी

प्रत्येक लग्नात एक खगोलकाका असतात. आहेराचं पाकीट देऊन झालं, की ते पानसुपारीच्या तबकाकडे वळतात. एक अख्खी सुपारी उचलून शेजारच्याला विचारतात, "ही काय?" शेजारचा बिचारा "सुपारी" म्हणतो आणि फसतो.

"पृथ्वी! दाबून दाबून एवढी केली, की झालं कृष्णविवर. व्यास 18 मिलिमीटर. वस्तुमान मात्र आहे तेवढंच, बरं का!"

सुपारी तबकात परत जात नाही. पुढच्या लग्नासाठी ती खिशात जाते.

काका बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे दर तोंडपाठ. एका सूर्याएवढं वस्तुमान असेल, तर त्रिज्या 3 किलोमीटर. वस्तुमान दुप्पट, तर त्रिज्याही दुप्पट. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सुमारे 43 लाख सूर्यांचं, म्हणजे त्रिज्या सव्वा कोटी किलोमीटरच्या आसपास. बुधाच्या कक्षेत सहज मावेल.

"पण वजन केलं कुणी?" एखादा भाचा विचारतो. काका याच प्रश्नाची वाट बघत असतात. त्या कृष्णविवराभोवती एस-2 नावाचा तारा 16 वर्षांत फेरी मारतो. त्याची कक्षा आणि वेग कळले, की मधल्याचं वस्तुमान निघतं. अशा ताऱ्यांवर वर्षानुवर्षं डोळा ठेवणाऱ्या राइनहार्ड गेंझेल आणि अँड्रिया गेझ यांना 2020 चं नोबेल मिळालं. तोवर पंगतीत जिलबी फिरून गेलेली असते.

"ते सगळं गिळून टाकतं ना?" या प्रश्नाने मात्र काका भडकतात. "सूर्याच्या जागी तेवढ्याच वस्तुमानाचं कृष्णविवर ठेवा, पृथ्वी मुकाट्याने त्याच कक्षेत फिरत राहील. तुमचे पापड तेवढे वाळणार नाहीत!"

हुकमाचं पान ते शेवटी टाकतात. एम-87 दीर्घिकेतलं कृष्णविवर, ज्याचं चित्र 10 एप्रिल 2019 रोजी जगाने पाहिलं, ते 650 कोटी सूर्यांचं. त्रिज्या त्याच पटीत वाढते, पण घनफळ तिच्या घनाच्या पटीत. म्हणून सरासरी घनता काढली, तर ती आपल्या हवेपेक्षाही कमी भरते. "अवाढव्य दिसतं ते ठोस असतंच असं नाही," म्हणताना काकांची नजर वरपित्याकडे जाते आणि काकूंचं कोपर काकांच्या बरगडीत.

सध्या काकांचं लक्ष हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथकडे आहे. कृष्णविवरांच्या टकरीतून निघणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा तिथे होणार आहे. हिंगोलीत कुणाचं लग्न असेल, तर आमंत्रण आधी काकांना द्यावं. सुपारी ते घरूनच आणतील.