हजेरीपटास अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री हजेरीपट साहेब, मुक्काम नागपूर, प्रयोगशाळेच्या दारालगतचे टेबल, यांसी साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

गेली अठ्ठावीस वर्षे मी या शहरात लोकांचे रक्त तपासून उदरनिर्वाह करीत आहे, आणि महाविद्यालयांतून इंटर्नशिपसाठी येणारी मुले-मुली त्या काळात माझ्या हाताखाली असतात, असा माझा समज होता. ती वस्तुतः आपल्या हाताखाली असतात आणि मी केवळ आपला एक हुजऱ्या आहे, हे उमजण्यास इतकी वर्षे लागली, याबद्दल क्षमा असावी.

आपले औदार्य अगाध आहे. सकाळी नऊच्या सहीसरशी आपण विद्यार्थ्याला पदरात घेता, सायंकाळी पाचच्या सहीने मुक्त करता, आणि मधल्या आठ तासांत त्याने केले काय, ही क्षुद्र चौकशी आपण आजवर कधी केली नाही. वॉर्डातून नमुने आणणे, नळ्यांवर चिठ्ठ्या डकवणे, बिलाच्या खिडकीवरच्या बाई जेवायला गेल्या की त्यांच्या खुर्चीत बसणे, या विद्यांत आमचे विद्यार्थी सहा महिन्यांत असे पारंगत होतात, की जांभळ्या बुचाची नळी कोणत्या खणात असते हे ते झोपेतही सांगतील. तिच्यातले रक्त गोठत का नाही, हे मात्र जागेपणीही सांगवत नाही. कायदासुद्धा आपलाच भक्त दिसतो. 2021 साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी संसदेने जो कायदा केला, त्यातही शिक्षणाचे माप किमान 2000 तास असे तासांतच दिले आहे. तास मोजता येतात, हात मोजता येत नाहीत, हे मला मान्य आहे.

तथापि एक शंका छळते. हा विदर्भ आहे. येथल्या रक्तात सिकलसेल आहे. मध्य भारतातील या आजाराविषयी शुक्ला आणि सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये 1958 साली आला, आणि 2047 पर्यंत त्याचे उच्चाटन करण्याची राष्ट्रीय मोहीम 2023 साली शेजारच्या मध्य प्रदेशातील शहडोलहून सुरू झाली. या मोहिमेचे सैनिक म्हणजे हीच मुले. रक्ताच्या थेंबात मेटाबायसल्फाइट मिसळून, वर काच ठेवून, कडा बंद करून अर्धा तास थांबायचे, की गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. पण द्रावण शिळे असले तर त्या वाकत नाहीत, आणि रोगी निरोगी ठरून घरी जातो. द्रावण ताजे आहे की नाही, ते कोणी केले आणि कधी केले, यासाठी आपल्यात रकाना नाही. सहीसाठी दोन आहेत.

आता एक गुन्हा कबूल करतो. ऐन मे महिन्यात कामठीहून येणाऱ्या एका मुलीची बस चुकली आणि ती सव्वानऊला पोहोचली. कारकुनाने नियमास अनुसरून तिच्या नावापुढे लाल शाईने ‘गैरहजर’ असा शेरा मारला. अधिकृतरीत्या ती तेथे नव्हतीच, त्यामुळे तिला वॉर्डात कोण धाडणार आणि खिडकीवर कोण बसवणार? ती मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन बसली. दहाच्या सुमारास वीज गेली, पाठोपाठ बॅटरीनेही मान टाकली, आणि पेशी मोजणारे यंत्र मुके झाले. मग कपाटातून आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक आणि न्यूबारची काच काढली, खिडकीच्या उजेडाला लावली, टर्कच्या द्रावणात रक्त वीसपट पातळ केले आणि तिला म्हटले, चार कोपऱ्यांच्या चौकोनांतल्या पांढऱ्या पेशी मोज.

“सर, रेघेवरच्या पेशींचं काय करायचं?” तिने विचारले. अठ्ठावीस वर्षांत एखाद्या शिकाऊ उमेदवाराने मला विचारलेला हा बहुधा पहिलाच प्रश्न, जो सुट्टीविषयी नव्हता.

दोन बाजूंच्या रेघांवरच्या मोजायच्या, समोरच्या दोन सोडायच्या, असे सांगितले. तीनदा आकडा चुकला, कपाळावरचा घाम काचेवर पडता पडता राहिला, एकदा तर तिने धुळीचा कणच पेशी म्हणून मोजला. चौथ्या खेपेला आल्या 144. पन्नासने गुणून तिने 7200 लिहिले. दुपारी वीज आल्यावर यंत्राने त्याच नळीला 7100 म्हटले, तेव्हा ती यंत्राकडे असे काही पाहत होती, की चूक त्याचीच असावी.

सायंकाळी निघताना मात्र चेहरा पडला होता. “सर, माझा आजचा दिवस भरून द्यावा लागंल न?” म्हणाली.

अर्थातच लागला. पुढच्या रविवारी ती सकाळी नऊला आली, आपल्या चरणी सही केली, सायंकाळी पाचपर्यंत बिलाच्या खिडकीवर बसली, आणि आपण तिला हजर मानले.

बहुत काय लिहिणे? लोभ असावा, ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
एक जुना तंत्रज्ञ