पहिला नंबर कोणाचा?

श्याम बेनेगल आमचे. जन्म 1934 चा, इथल्याच, हैदराबादच्या तिरुमलगिरीतला. निजाम कॉलेजात शिकले, हैदराबाद फिल्म सोसायटी काढली. घरची भाषा कोकणी. एवढ्या भांडवलावर जामबागेतला मराठी माणूस त्यांना नात्यात ओढतो. विवेकवर्धिनीत शिकलेले आमचे काका तर नुसतं 'श्याम' म्हणतात. भेट एकदाही झालेली नाही.

रविवारी त्यांच्या सिनेमांचे नंबर लावायचं ठरलं. कागद म्हणून एका लग्नपत्रिकेची पाठ मिळाली.

मी 'अंकुर'ला (1974) पहिला नंबर दिला. शबाना आझमींचा पडद्यावर आलेला पहिला सिनेमा, बोली आपली दखनी. शेवटी एक पोरगं जमीनदाराच्या खिडकीवर दगड भिरकावतं, तिथे अजून अंगावर काटा येतो.

आई शेंगा सोलत होती. म्हणाली, "मग काच कोणी बसवून दिली?"

काकांनी 'मंडी' (1983) पुढे सरकवला. चित्रीकरण हैदराबादेतलं, हे कारण. चार वेळा पाहिला म्हणाले, अभिनयासाठी.

"कोणाच्या?" काकूने विचारलं.

काकांनी 'मंडी' स्वतःच्या हाताने सहावर नेला.

बायकोचा हट्ट 'भूमिका'चा. हंसा वाडकरांचं आयुष्य, स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार. यावर वाद कसला? पण काकांना तेंडुलकरांनी लिहिलेला 'निशांत' वर हवा होता. उरला 'मंथन'. गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला. पाच लाख निर्माते! आमच्याकडे पाच माणसांचं चहाच्या साखरेवर एकमत होत नाही. तरी 'मंथन'ला दुसरा नंबर बिनविरोध मिळाला, कारण त्याच क्षणी आत दूध उतू गेलं आणि विरोधक धावले.

तेवढ्यात आईने मला फुलं आणायला पिटाळलं. आमची फुलवाली गजरा हातावर मोजते. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मूर. शेजारचीचा भाव दोन रुपयांनी कमी आहे, पण तिचा हातही आखूड आहे. आमचं घराणं लांब हाताच्या बाईचं जुनं गिऱ्हाईक. तिने दोन मूर मोगरा मोजला, कात्री लावण्याआधी बोटभर जास्त सोडला, आणि तो बोटभर मोगरा मला दाखवून पानात बांधला.

परत येतो तो पहिल्या नंबरावर 'कोंडुरा' (1978), आईच्या अक्षरात.

"हा कुठून आला?"

"खानोलकरांची कादंबरी मराठी, सिनेमा हिंदी, आणि तोच तेलुगूत 'अनुग्रहम'. आपल्या घरासारखाच आहे की."

ते मात्र खरं. आमच्याकडे देवाशी मराठी, रिक्षावाल्याशी दखनी आणि भाजीवालीशी तेलुगू. भांडण वाढलं की तिन्ही.

"पण तू पाहिलास कधी?"

"कादंबरी वाचलीय."

बायकोने पाहिला नव्हता. काकूने नाव आज ऐकलं. मी 'अंकुर'चं नाव पुन्हा वर लिहायला पेन उचललं.

"मी पाहिलाय!" काका गरजले. "थिएटरात!"

"मग सांगा गोष्ट."

काकांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि अगदी रंगात येऊन सुरुवात केली. चौथ्याच वाक्याला जमीनदाराच्या खिडकीची काच फुटली.