मुलाच्या अदृश्य सोबत्याविषयी ठाम मत कसे बनवावे

लहान मुलाचा कोणी तरी गूढ सोबती आहे आणि तो मोठ्यांना धड दिसत नाही, अशी कादंबरी वाचून झाली की सुजाण वाचकाने अर्धा तास घाबरून घ्यावे आणि लगेच मत बनवायला बसावे. दिरंगाई केल्यास भीती मुरते, मग मत सुचत नाही. सरावासाठी हेन्री जेम्सच्या ‘द टर्न ऑफ द स्क्रू’इतके सोयीचे पुस्तक दुसरे नाही. १८९८ साली ‘कॉलिअर्स वीकली’त ते क्रमशः आले. इंग्लंडमधल्या ब्लाय नावाच्या एकाकी हवेलीत माइल्स आणि फ्लोरा ही पोरकी भावंडे राहतात. त्यांना सांभाळायला आलेल्या तरुण गव्हर्नेसला मेलेला नोकर पीटर क्विंट आणि तिच्या आधीची, तीही मेलेली, गव्हर्नेस मिस जेसल दिसू लागतात. मुलांची या दोघांशी चोरून संगत चालू आहे, अशी तिची खात्री होते. भुते पाहिल्याचे सांगते ती एकटी. एवढ्या भांडवलावर वाचक सव्वाशे वर्षे भांडत आले आहेत. तुम्हीही मागे राहू नये.

आधी पक्ष निवडावा. भुते खरी नाहीत, बाईचे डोके ठिकाणावर नाही, हा पक्ष शिकलेल्या माणसाला जास्त शोभतो. १९३४ साली एडमंड विल्सनने फ्रॉइडच्या आधाराने तो जोरात मांडला : दडपलेल्या वासनेने बाईला भास होतात, क्विंट मनोऱ्यावर दिसतो आणि जेसल तळ्याकाठी, हे काही उगाच नाही. मनोऱ्याकडे नुसता मनोरा म्हणून पाहणाऱ्याला या पंथात प्रवेश मिळत नाही. फ्लोरा लाकडाच्या तुकड्याला दुसरा तुकडा बसवून होडी करत असेल, तर त्या होडीचीही झडती घ्यावी. यावर विरोधक हमखास विचारतील, की जिने क्विंटला जिवंतपणी कधी पाहिले नाही, तिने त्याचे तांबडे केस आणि चेहरा असा हुबेहूब कसा सांगितला, की घर सांभाळणाऱ्या मिसेस ग्रोसने तो ऐकताक्षणी ओळखला? अडचण खरी आहे, पण माघार घेऊ नये. बाईने गावात चौकशी करून माहिती काढली असणार, असा युक्तिवाद पुढे तयार झालाच. ही चौकशी पुस्तकात घडताना दिसत नाही, एवढे चालवून घ्यावे.

दुसऱ्या पक्षात जायचे असेल तर लेखकाची वही हाताशी ठेवावी. १८९५च्या जानेवारीत कँटरबरीच्या आर्चबिशपने सांगितलेली एक गोष्ट जेम्सने टिपून ठेवली होती : दुष्ट नोकर मरतात आणि त्यांची भुते मुलांना बिघडवायला परत येतात. म्हणजे बीजात तरी भुते खरी आहेत. पण बीज आणि झाड एकच, असे कोणी सिद्ध केलेले नाही. आणि याच जेम्सने १९०८च्या प्रस्तावनेत ही गोष्ट सहजी न फसणाऱ्यांना पकडण्यासाठी रचल्याचे सुचवले आहे. हा दाखला दोन्ही पक्षांनी बिनदिक्कत वापरावा. वापरलाही आहे.

ज्यांना भांडण झेपत नाही त्यांच्यासाठी तिसरी सोय आहे : ‘संदिग्धता’ हा शब्द उच्चारून पुस्तक मिटावे. त्झ्वेतान तोदोरोव्हने १९७० साली वाचकाच्या दोलायमान अवस्थेलाच अद्भुत साहित्याचे लक्षण ठरवले, त्यामुळे या पळवाटेला प्रतिष्ठाही आहे. तिन्ही वाटांत एक मात्र समान आहे. निकाल लागतो तो बाईचा : ती वेडी, ती शूर, किंवा ती अनिर्णित. मुलांना कोणी साक्षीला बोलवत नाही. जॉन विंडमच्या १९६८च्या ‘चॉकी’शी ताडून पाहा. तिथे मॅथ्यूच्या डोक्यातल्या सोबत्याविषयी बाप त्यालाच विचारतो आणि तो काय सांगतो ते ऐकून घेतो. सोबती परग्रहावरून आलेला निघतो, तरी त्या पुस्तकावरून वाचकांची डोकी फुटल्याचे ऐकिवात नाही. ब्लायमधली भीती भुतांपेक्षा या न विचारण्यातून येते, असे माझे मत आहे. आणि विचारलेच तर उत्तर ऐकायचे नाही, यातूनही.

मुले खोटे बोलतात, हा आक्षेप येईलच. तो रास्त आहे. माइल्सला शाळेतून काढले आहे आणि फ्लोरा गुपचूप होडी घेऊन तळ्यापलीकडे गेलेली असते. पण गव्हर्नेसचा शब्दही पुरावा नव्हेच, आणि त्याची उलटतपासणी आपण सव्वाशे वर्षे आनंदाने केली. तळ्याकाठी बाई फ्लोराला मिस जेसल दाखवते तेव्हा मुलगी स्पष्ट सांगते की तिला कोणी दिसत नाही, कधी दिसलेही नाही. मिसेस ग्रोसलाही काही दिसत नाही. भुते मानणारे म्हणतात, पोर लबाड आहे. न मानणारे तिला बाईविरुद्धचा कागद म्हणून फायलीला लावतात. मत बनवताना तुम्हीही यांतले एक करालच. त्या दुपारी, बाईपासून मला दूर न्या, असे फ्लोरा म्हणते. पुढे ती तापाने फणफणते आणि मिसेस ग्रोस तिला घेऊन लंडनला जाते. त्या मागणीनंतर पुस्तकात फ्लोराला तिच्या स्वतःच्या तोंडचे एकही वाक्य नाही.